ठिपक्यांच्या ओळी

शुक्रवार, रात्रीच्या जेवणानंतर

जगाचा मोह सुटत नाही, असं कुमसाराला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) बसून सांगणं सोपं. त्यात नाव कशाचंच घेतलेलं नसतं. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात ‘डोळ्यांची वासना’ म्हटलंय, ती प्रत्यक्षात किती बारीक असते! दुसऱ्याचा फ्लॅट पाहिला की मनात किमतीचा आकडा येतो, एवढीच. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेतल्या विशेष आत्मपरीक्षणात एका वेळी एकच दोष धरायला सांगतात ते म्हणूनच. ‘लोभ’ मोजता येत नाही. ‘दुसऱ्याच्या वस्तूची मनात किंमत केली’ हे मोजता येतं.

सकाळी उठताच त्या एका दोषापासून जपायचा निश्चय. दुपारी जेवल्यावर, उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके वहीतल्या पहिल्या ओळीवर. रात्री दुपारपासूनचा हिशेब, दुसऱ्या ओळीवर. आठवड्याच्या चौदा ओळी. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. घसरलं की त्याच क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही.

दुपारचा हिशेब कामाच्या गडबडीत राहून जातो. रात्री सगळा दिवस एकदम आठवायला बसलं की सकाळचं निम्मं निसटलेलं असतं. याहून वाईट म्हणजे ठिपके कमी झाले की स्वतःचंच कौतुक वाटू लागतं. म्हणूनच त्यांच्या दुसऱ्या, रोजच्या सर्वसाधारण आत्मपरीक्षणाची सुरुवात दोषांनी होत नाही. आधी देवाचे आभार, मग पाप ओळखण्यासाठी कृपेची मागणी, मग दिवसाची झडती, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय आणि शेवटी प्रभूची प्रार्थना.

पण ठिपके कशासाठी मोजायचे, ते त्याच पुस्तिकेतल्या तीन प्रकारच्या माणसांकडे पाहून कळतं. तिघांकडे 10,000 डुकॅट (त्या काळची सोन्याची नाणी) आहेत. चोरीचे नव्हेत; मात्र निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेलेही नव्हेत. तिघांनाही त्यांची आसक्ती सुटायला हवी आहे. पहिला मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती जायला हवी, पैसे मात्र राहायला हवेत. तो देवाजवळ जात नाही, देवालाच आपल्या इच्छेपर्यंत ओढू पाहतो. मिस्सा, रोझरी, दानधर्म, सगळं करणारी आपण बहुतेक माणसं या दुसऱ्यात मोडतो, असं मला अगदी मनापासून वाटतं. तिसरा पैसे लगेच वाटूनही टाकत नाही. देवाची इच्छा कळेपर्यंत मनाने ते सोडलेलेच आहेत असं धरून वागतो, मग ठेवणं काय नि देणं काय.

इग्नेशियस इथे एक अवघड सूचना देतात. गरिबीचा विचार नकोसा वाटत असेल, तर नेमकी तीच मागावी: तुझ्या सेवेसाठी आणि गौरवासाठी असेल तर प्रभू, मला गरिबीसाठी निवड. मन ‘नको’ म्हणत असतानाच मागायचं. ज्या वस्तूपाशी हे वाक्य अडखळतं, तिचं नाव उद्या सकाळी पहिल्या ओळीच्या वर लिहायचं.