नदीचं नाव शहराला, शहराचं नदीला

बोलिव्हियातल्या ला पासमध्ये नवख्या माणसाला नदी सापडत नाही. एल प्रादो हा तिथला मुख्य रस्ता. झाडं, पुतळे, तोंड झाकून बूट पॉलिश करणारी पोरं, सगळं दिसतं. चोकेयापू नदी मात्र त्याच रस्त्याच्या पोटातून, काँक्रीटच्या बोगद्यातून वाहते. सान फ्रान्सिस्को चर्चजवळच्या मंडईत मी एका आयमारा (इथले मूळ रहिवासी) आजींना नदीकडे जायचा रस्ता विचारला, तर त्यांनी पायाखाली बोट दाखवलं आणि मनसोक्त हसल्या.

स्पॅनिशांनी हे शहर २० ऑक्टोबर १५४८ला वरच्या पठारावर लाहा इथे वसवलं आणि थोड्याच दिवसांत या दरीत उतरवलं. एका काठाला त्यांची वस्ती, दुसऱ्या काठाला आयमारांची. सान फ्रान्सिस्को या दुसऱ्या काठावरचं. पूर्वी तिथे जायला पूल लागायचा, आता सिग्नल लागतो.

चोकेयापू हे नाव आयमारा भाषेतलं. तिच्यात ‘चुकी’ म्हणजे सोनं, ‘यापू’ म्हणजे शेत. पण ‘च’ जरा झटका देऊन उच्चारला की सोन्याचा बटाटा होतो. नदीत सोनं गाळायचे हे खरं, म्हणून पुस्तकं सोन्याच्या बाजूने. आजी बटाट्याच्या बाजूने. त्या बटाटेच विकत होत्या म्हणा.

मला त्याहून गंमत वाटली ती वेगळीच. आयमारा लोक शहराला चुकियापू मार्का म्हणतात, म्हणजे नदीचं नाव त्यांनी शहराला दिलं. आणि शहर ओलांडून खाली गेलं की नकाशावर नदीचंच नाव बदलतं: रिओ ला पास. स्पॅनिशांनी शहराचं नाव नदीला देऊन टाकलं.

नदी बघायचीच असेल तर केबल कारच्या हिरव्या मार्गाने खाली जावं. स्थानकांवर आयमारा नावं आहेत: चुकी आपू, पाता ओब्राखेस, आयनाचा ओब्राखेस, इर्पावी. ‘पाता’ म्हणजे वरचं, ‘आयनाचा’ म्हणजे खालचं. आपल्या बुद्रुक-खुर्दपेक्षा हे सरळ आहे, उतार पाहून दिलेलं. चोकेयापूला येऊन मिळणारी एक नदी ओर्कोहाविरा, अर्थ ‘नर नदी’. आपल्याकडे शोणाला, ब्रह्मपुत्रेला नद म्हणतात, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही.

पाणी सुरू होतं चाकाल्ताया डोंगराच्या बाजूने. तिथली हिमनदी २००९मध्ये संपली. वर पठारावरच्या एल आल्तो शहरात पडलेलं पाणी कातारी नदीतून तितिकाका सरोवरात जातं, त्याला समुद्र माहीतच नाही. कडा ओलांडून इकडे पडलेला थेंब मात्र इयिमानी पर्वताच्या पायथ्याला वळसा घालून बोपी, बेनी, मादेइरा करत अ‍ॅमेझॉनमधून अटलांटिक गाठतो. एकाच पावसाच्या सरीची ही वाटणी!

रस्त्याखाली कोंडलेली नदी नेहमी गप्प बसते असं नाही. १९ फेब्रुवारी २००२ला गारांचा पाऊस झाला, रस्त्यांचे ओढे झाले आणि साठाहून जास्त माणसं गेली. एरवी शहराचं सांडपाणी तिच्यात सोडलेलं असतं, आणि खाली मेकापाकाकडच्या वाफ्यांना तेच पाणी मिळतं. तिथली लेट्यूस पुन्हा वर मंडईत येते. आजींनी मला ती घेऊ दिली नाही, बटाटेच घ्यायला लावले.