एकच नाव, दोन पानांवर

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या चर्चच्या ऑफिसात मेलेल्यांचा सीझन. हसू नका, आम्ही आपसात असंच म्हणतो. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याआधी गावातलं घर न् घर आपल्या गेलेल्या माणसांच्या नावांचा लिफाफा आणून देतं. यंदा एकाने लिहिलं होतं, 'आजोबांचे वडील, नाव आठवत नाही.' मी तेही तसंच उतरवून घेतलं.

मिस्सा म्हणजे चर्चमधली फादरांनी करायची मुख्य उपासना. ती कुणाच्या नावाने करायची, ते माझ्या वहीत असतं. डावं पान जिवंतांचं: वाढदिवस, ऑपरेशन, कुवेतचा व्हिसा. उजवं मृतांचं, आत्मा शुद्धिस्थानातून सुटून देवाजवळ पोचावा म्हणून.

त्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या. दरवर्षी येतात. मुलगा बोटीवरून गेला तो परतला नाही. सोबतचे सापडले, हा नाही. चुरगळलेल्या नोटा टेबलावर सरळ करत म्हणाल्या, "सुखरूप घरी यावा म्हणून लिही, पोरा." मी डावीकडे लिहिलं.

दुपारी चारला त्यांची सून आली. तेच नाव सांगितलं आणि म्हणाली, "मृतांत लिहा, भाऊ."

मी पेन खाली ठेवलं.

"सात वर्षं झाली," ती म्हणाली. "वकील म्हणतात, आता कोर्टातून कागद मिळेल. सात वर्षांत मी धड रडलेही नाही. आमच्या घरात रडायला बंदी आहे."

सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो गेला, असं आपल्याकडे कायद्याने धरता येतं. चर्चचा कायदा जास्त चिवट. मागे राहिलेल्या बायकोला दुसरं लग्न करायचं तर नवरा नुसता बेपत्ता असून भागत नाही, मग कितीही वर्षं होवोत. तो गेल्याची बिशपांना खात्री पटावी लागते. पण हिला लग्न कुठे करायचं होतं? तिला मिस्सा हवी होती.

मी वही घेऊन फादरांकडे गेलो. दोन्ही पानं पाहून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मिस्सा जिवंतासाठीही होते, मेलेल्यासाठीही. दोन्ही राहू दे. फक्त वेळ बघून लाव."

2 तारखेला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही मुभा सगळीकडे दिली. मेलेले फार होते. दक्षिणा मात्र एकाच मिस्साची घ्यायची. मावशी नेहमी संध्याकाळच्या सिमेंटरीतल्या मिस्साला असतात, म्हणून सुनेने दिलेलं नाव मी पहाटे सहाला लावलं. आपण फार हुशारी केली असं वाटलं.

नावं वाचायचं काम माझंच. पहाटे माइकपाशी उभा राहिलो आणि तिसऱ्या बाकावर मावशी दिसल्या. सून दोन बाकं मागे. गाळू का नाव? नंतर सांगू, चुकून राहिलं म्हणून? पण सुनेने मान वर केली होती. वाचलं. मावशींनी क्रुसाची खूण केली, बाकी काही नाही. मागून मात्र रडणं ऐकू आलं आणि पुढची पाचसहा नावं मी कशी वाचली ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी सिमेंटरी मेणबत्त्यांनी आणि झेंडूने भरली. ज्यांना कबर नाही त्यांची मेणबत्ती मधल्या मोठ्या क्रुसापाशी लागते. सुनेने तिथे लावली. मावशी नवऱ्याच्या कबरीपाशी पाठ करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतोय तोच त्या दारात.

"नाताळाच्या आत अजून एक लिही."

"कशासाठी, मावशी?"

"नेहमीसारखीच. सुखरूप यावा म्हणून." नोटा सरळ करता करता थांबल्या. "काल वाचलंस ते ऐकलं मी. नीट वाचलंस."