'औदुंबर': अर्थाच्या आधी मात्रा

बालकवींच्या (१८९०–१९१८) 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेचा विषय निघाला की गाडी थेट वैराग्य आणि मृत्यूवर जाते. बिचाऱ्या झाडावर काय काय लादलं जातं! त्याआधी आठही ओळींच्या मात्रा मोजून बघाव्यात.

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचं माप: ऱ्हस्वाची (लघू) एक, दीर्घाच्या (गुरू) दोन. 'चार घरांचे । गांव चिमुकले । पैल टेकडी । कडे' म्हणजे ८, ८, ८ आणि ३. एकूण २७. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या, चाल सापडते.

हिशेब हमखास चुकतो तो चौथ्या ओळीतल्या 'शेतमळ्यांची'पाशी. जोडाक्षर पुढे आलं म्हणून 'म'ला दोन मात्रा दिल्या की ओळ २८ची होते. पण 'ळ्यां'चा आघात 'म'वर येत नाही, म्हणून तो लघूच. 'हिरव्या'तल्या 'र'चंही तेच. 'बेटाबेटातुन', 'लाटांवर', 'औदुंबर' इथे मात्र एक मात्रा कमी भरते; शेवटचं अक्षर लांबवून गुरू धरायचं. पहिल्या ओळीत 'घेऊन' छापलेलं असलं तरी 'घेउन' म्हणून शेवट तसाच लांबवावा, म्हणजे माप २७च राहतं आणि पुढच्या ओळीशी यमकही जुळतं. परिणामी पहिलं आणि शेवटचं कडवं लांबवलेल्या लघूवर थांबतं, मधल्या चार ओळी 'डे-ढे'वर ठाम संपतात.

खरी गंमत पाचव्या ओळीत आहे. पहिल्या चार ओळींत पहिली आठ मात्रांची हद्द बरोबर शब्दाच्या शेवटी पडते: 'ऐल तटावर', 'निळासांवळा'. पाचवीत ती 'पायवाट पां । ढरी' अशी शब्दाच्या मधोमध येते. वाट अडवीतिडवी आहे हे सांगण्याआधीच पाऊल अडखळलेलं असतं. सहावीत 'कुरणां । मधुनि', तिथे शब्द प्रत्ययाशी हलकेच दुमडतो. सातवीपासून पुन्हा सरळ. हे बालकवींनी ठरवून केलं की कानाने करवलं, या वादात मला रस नाही. ऐकू येतं एवढं पुरे.

वर्णांचंही बघा. वाटेच्या दोन ओळींत 'ड' पाच वेळा खडखडतो. शेवटच्या दोन ओळींत तो फक्त 'गोड'मध्ये उरतो आणि 'ळ' चारदा येतो: झांकळुनी, जळ, काळिमा, जळांत.

शेवटची ओळ 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. तिच्यातलं 'बसला असला' बरेच जण एका दमात म्हणून टाकतात. यमकाचा मोह होतो खरा, पण आठ मात्रांचं आवर्तन 'जळांत बसला'वर पुरं होतं. टाळी 'असला'वर पडते आणि तो शब्द औदुंबराकडे जातो: असला औदुंबर.