निफाडची थंडी आणि हौदातला बुवा

डिसेंबर सरत आला की आमचं निफाड रोज बातम्यांत. पारा सहावर, पारा पाचावर. टीव्हीवाले द्राक्षबागेतल्या शेकोट्या दाखवतात. माझा जीव मात्र परसातल्या हौदात अडकलेला असतो.

हौदात बुवा राहतो. रेड इअर्ड स्लायडर जातीचं कासव, डोळ्यामागे लाल पट्टा. लेकाच्या हट्टापायी आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता पोह्यांच्या ताटलीएवढं आहे. शेजारच्या काकू दर हिवाळ्यात सुचवतात, "नांदूरमधमेश्वरला सोडून दे की, एवढं मोठं पाणी आहे." कसं सोडू? हा अमेरिकेतला, मिसिसिपीच्या खोऱ्यातला प्राणी. तिथं सुटला तर आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास पळवणार. आणला आम्ही, तर निस्तरायचंही आम्हीच.

"थंडीत कासवं झोपतात, तू कशाला जागतेस?" हा दुसरा सल्ला. सलग थंडी असेल तर झोपतातही. पण आमच्याकडे पहाटे 6 अंश आणि दुपारी 28. दुपारी बुवा विटांवर ऊन खातो, तोंड उघडून खायला मागतो. रात्री पाणी गारठलं की पोटातलं अन्न पचत नाही, तसंच कुजतं. धड झोप नाही, धड जाग नाही. म्हणून पाणी 20 च्या खाली गेलं की मी हात आखडता घेते, 15 च्या खाली चक्क उपास.

पहिल्या वर्षी 300 वॉटचा काचेचा हीटर आणला. पाणी कमी झालं, हीटर उघडा पडला आणि तडकला. नशीब, ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, होता. दुसरा आणायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. हौद सहा बाय चार, पाणी दोन फूट, म्हणजे साडेतेराशे लिटर. एवढं पाणी एक अंश वाढवायला दीड युनिट वीज! हीटर रात्रभर चालला तरी जेमतेम दोन अंश, तेही वाऱ्यानं काही नेलं नाही तर.

आप्पा, माझे सासरे, ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "उघड्या पातेल्यात दूध तापवत बसलीस तू. झाकण कुठंय?"

मग झाकण केलं. आधी थर्माकोल पाण्यावर तरंगत सोडला, तर बुवानं त्याचे लचके तोडले. दोन दिवस त्याची शी तपासत होते, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. आता लाकडी चौकट, तिच्यावर बागेचा जुना प्लास्टिक कागद आणि वर बारदान. ऊन उतरायच्या आत झाकायचं, एका कोपऱ्यात वीतभर फट ठेवायची. हौदाच्या भिंतींना बाहेरून भुशाची पोती लावली. एवढ्यावर सकाळचं पाणी 12 वरून 15 वर आलं.

उरलेली युक्तीही आप्पांचीच. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला विहिरीचं पाणी देतात, कारण ते कोमट असतं. मी मोजलं, 24 भरलं. हौदातलं चारेकशे लिटर गार पाणी खालच्या बुचातून सोडायचं आणि पाइपानं विहिरीचं हळूहळू घ्यायचं. दोन-अडीच अंश वाढतात, फुकट. सोडलेलं पाणी जातं कढीपत्त्याला आणि लिंबाला, दोन्ही माजलेत. शेतीची लाइट पहाटे नसेल त्या आठवड्यात मात्र बुवाची रवानगी न्हाणीघरातल्या टपात, आणि आंघोळीला सगळ्यांची रांग.

काल पहाटे थर्मामीटर खिळ्यावर नव्हता. सगळं घर शोधलं. आप्पांनी तो नेऊन बागेतल्या कडेच्या वेलीला सुतळीनं बांधला होता. बुवाचं पाणी मी मनगट बुडवून पाहिलं.