गळती, गुडघे आणि बाकी ठीक

डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या घरी मी गेले त्याला कितीतरी वर्षं झाली, पण त्या घराची आजची अवस्था तिच्या सख्ख्या नणंदेला माहीत नसेल इतकी मला माहीत आहे. हॉलमधल्या पंख्याच्या डावीकडे स्लॅबचा पोपडा सुटलाय आणि आतला गज दिसतोय. बेडरूममधला पलंग पावसाळ्यात खिडकीपासून दोन हात अलीकडे येतो आणि दसऱ्याला परत जागेवर जातो. ओट्याखालचा पाइप दोनदा बदललाय, आणि दुसऱ्यांदा आलेला प्लंबर काम करताना सगळा वेळ पहिल्याला नावं ठेवत होता. हे सगळं मला फोनवर कळलेलं. सोफा कुठल्या रंगाचा आहे, ते मात्र सांगता यायचं नाही.

आम्ही चौघी सांगलीच्या एकाच शाळेतल्या. एक डोंबिवलीला गेली, एक पुण्यात कोथरूडला, मी ठाण्यात, आणि चौथी सांगलीतच राहिली. आता आम्हाला गावाच्या नावानेच ओळखतात. "आज कोथरूड गप्प गप्प होतं का?" असं आमचे हे विचारतात. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की चौघींचा कॉन्फरन्स कॉल लागतो. कधीकाळी त्यात मुलांच्या ॲडमिशन, सासवा, बदल्या, सोन्याचा भाव असं सगळं भरगच्च मंत्रिमंडळ असायचं. आता दोनच खाती उरली आहेत, सार्वजनिक बांधकाम आणि आरोग्य.

मुलं हसतात. "तुम्हाला दुसरे विषयच नाहीत का गं?" आहेत की. पण दर आठवड्याला काही ना काही घडतं ते याच दोन खात्यांत. नातवंडं परदेशात, ती वर्षाकाठी दोन इंच वाढतात. त्याची बातमी किती वेळा सांगणार? नळ मात्र दर महिन्याला नव्याने गळतो.

डोंबिवलीची इमारत तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही आणि ही चौथ्यावर. गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, फुटलाय, पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतल्या लोखंडाला गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. हे शास्त्र तिला इंजिनिअरने सांगितलं आणि तिने आम्हाला. सोसायटीचे उपविधी तिला आता रामरक्षेसारखे पाठ आहेत. गच्चीतून होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा त्यामुळे पडला तर तोही सोसायटीनेच. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. ऑडिट झालंय, अहवाल सेक्रेटरींच्या कपाटात आहे, आणि दर वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणतं, "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आता गच्चीवर पैसे कशाला घालवायचे?" या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या किती गच्च्या गळत ठेवल्या असतील देव जाणे.

आता तिचे गुडघे. दोन्ही गेलेत. "बदलून घ्या," डॉक्टर म्हणाले. सरकारने २०१७ साली गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा पैशाची सबबही फारशी उरली नाही. पण ही म्हणते, "ऑपरेशन करून चार जिने चढायचे कुणी? नव्या बिल्डिंगला लिफ्ट येईल, मग बघू." म्हणजे तिचे गुडघे रिडेव्हलपमेंटच्या कमिटीकडे अडकलेत. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. स्वतःच्या गुडघ्यांना ५१ टक्के संमती मागणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आम्ही तिला रागावतो, ती ऐकून घेते आणि म्हणते, "बरं, ते जाऊ दे. आज वॉचमनने गच्चीवर ताडपत्री टाकली."

कोथरूडच्या मैत्रिणीचं वेगळं. ती रसायनशास्त्राची शिक्षिका होती, अजूनही बोलताना फळ्याकडे वळल्यासारखी वळते. तिच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, जड, साबणाला फेस न येणारं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढला आणि पाणी तापेनासं झालं. त्याच आठवड्यात तिला चक्कर सुरू झाली. उभं असताना काही नाही. रात्री डाव्या कुशीवर वळली की खोली गरागरा फिरायची. कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं मानेचे मणके, माझ्या वहिनीने फोनवरून पित्त ठरवून टाकलं. कानाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवलं, मान एका बाजूला वळवली, थांबले, दुसरीकडे वळवली, थांबले, कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. एप्ली म्हणून एका अमेरिकन डॉक्टरने शोधलेली युक्ती आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं वळवताना चक्कर येते. मान ठरावीक क्रमाने फिरवली की ते घरंगळत परत मूळ जागी जातात.

"आणि कण कसले असतात, माहितीये?" बाईंच्या आवाजात एकदम तास सुरू झाला. "कॅल्शियम कार्बोनेट! गीझरच्या कॉइलवर बसलंय, तेच. तिकडे जमलं तर क्षार, इकडे सुटलं तर चक्कर." मग पुढे म्हणाली, "फरक एवढाच, डॉक्टरांनी पाच मिनिटांत काढलं. गीझरवाला अजून 'पार्ट मागवलाय' म्हणतोय."

आता पुरुषांचं सांगते. आमच्या ह्यांचे एक मित्र नाशिकला असतात. परवा त्यांचा फोन आला. हे अर्धा तास गॅलरीत येरझाऱ्या घालत बोलत होते. मला तुकडे ऐकू येत होते, ब्रिकबॅट कोबा, केमिकल, दहा वर्षांची गॅरंटी, "लेखी घे रे, तोंडी नको." फोन ठेवून आत आले.

"काय म्हणतायत?"

"गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. चांगला ठेकेदार मिळालाय."

"बाकी?"

"बाकी ठीक. मध्यंतरी दोन स्टेंट टाकले म्हणाला."

मी हातातली चाळणी खाली ठेवली. "अहो, मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, काळजी घे. आणि ठेकेदाराचा नंबर पाठव म्हटलं."

हृदयाच्या दोन धमन्या 'बाकी ठीक'मध्ये बसवून टाकायच्या आणि कोब्याला अर्धा तास द्यायचा, याला काय म्हणावं? मी तेव्हा चिडले होते. पण नंतर लक्ष ठेवून ऐकायला लागले तर दिसलं, की नाशिककरांनी फोन केला होता तो स्टेंटचं सांगायलाच. नाहीतर गच्चीसाठी कोण ठाण्याला फोन करतो, नाशकात ठेकेदार काय कमी आहेत? फक्त ते थेट सांगता येत नाही. घराचं दुखणं सांगताना आवाज कापत नाही, समोरचा घाबरत नाही, आणि मधे कुठेतरी फट सापडली की खरी गोष्ट तिथून हळूच सरकवता येते. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण पुढचे काही दिवस रोज सकाळी नाशिकला 'सुप्रभात' जायला लागलं. एरवी फुलांच्या फोटोंवर सुप्रभात लिहिणाऱ्यांची हेच टिंगल करतात.

सल्ले हा या बातम्यांचा जोडधंदा. प्रत्येकाकडे 'एक माणूस' असतो. "माझा एक माणूस आहे" असं म्हटलं की तो गवंडी आहे की हाडांचा डॉक्टर, हे पुढचं वाक्य येईपर्यंत समजत नाही. माझ्या फोनमध्ये माणसांची आडनावं केव्हाच गेली. 'लांबी भरणारा', 'सकाळचा फिजिओ', 'न्हाणी ट्रॅप', 'डोळे, गोखले रोड' असे नंबर आहेत. पारिजातकाच्या पानांचा काढा सुचवणारे वेगळे, आणि "त्या केमिकलच्या नादी लागू नकोस, सरळ फरशी उचलून टाक" म्हणणारे वेगळे. दोन्ही गटांना मी मान डोलावते. त्यातलं करायचं असतंच असं नाही, पण ऐकून घ्यावं लागतं, कारण सल्ला नाकारला की माणूस दुखावतो. फरशी न उचलल्याचा राग धरलेले एक आतेभाऊ मला आहेत.

माझ्याकडची बातमी म्हणजे आमच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर झिरपणारं पाणी. खालच्या काकू फोनमध्ये त्यांच्या छताचा फोटो घेऊन भांडायला आल्या. पिवळा डाग, कडेला तपकिरी. मी दार उघडलं ते डाव्या हाताने, कारण उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता, फ्रोझन शोल्डर. आधी नुसतं दुखतं, मग हात वर जाईनासा होतो, मग आपल्या सवडीने सुटतो. एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि शुगर असलेल्यांना जास्त गाठतो. मला शुगर आहे. काकूंनी फोटो दाखवायला फोन पुढे केला, मी तो घ्यायला हात उचलला आणि कळवळले. काकू फोटो विसरल्या. "कधीपासून आहे? भिंतीवर बोटं चालवतेस का? वेणी कोण घालतं?" संध्याकाळी निर्गुडीचं तेल आलं, बाटलीवर चिठ्ठी, 'कोमट करून लावणे'. डाग तिथेच होता. आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या घरातून गळतं त्याचा, हे डोंबिवलीने मला आधीच बजावलेलं, तेव्हा फरशी माझ्याच खर्चाने उचलली. प्लंबरने न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी सोडलं, काकू खाली स्टुलाशेजारी उभ्या राहून ओरडल्या, "आला! गुलाबी आला!" त्यांना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि सांगली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. मैत्रिणीच्या तळमजल्यात पाणी शिरलं. २०२१ ला परत पूर आला. पाणी उतरलं, गाळ काढला, पण जुन्या विटांच्या भिंती अजून त्या पुरात आहेत. लोणा लागलाय. भिंतीतली ओल बाहेर यायला बघते, येताना विटांमधले क्षार बरोबर आणते, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. गिलाव्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, बोट लावलं तर पिठासारखं हाताला येतं, आणि रंगाच्या पापुद्र्याखाली फोड धरतो. रंगारी म्हणतो प्लॅस्टिक पेंट मारू, चकाचक होईल. ती म्हणते त्याने भिंतीचा श्वास कोंडेल, चुनाच दे. मागच्या दिवाळीआधीच्या एका रविवारी हे भांडण ती आम्हाला संवादांसह ऐकवत होती, रंगाऱ्याचा आवाजसुद्धा काढून.

"...तर मी म्हटलं, बाबा रे, तू रंग मारशील आणि जाशील, भिंतीबरोबर राहायचंय मला. त्यात मला परवा आंघोळ करताना हाताला गाठ लागली, मिरजेला जायचंय बुधवारी, तर हा म्हणतो बुधवारीच माल कालवतो—"

"थांब," कोथरूड म्हणालं. "रंगाऱ्याला ठेव बाजूला. गाठ कुठे?"

मग तिने सांगितलं. उजव्या छातीत, वाटाण्याएवढी. सांगलीहून मिरज म्हणजे शेजारचं दार. वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरजेला लांबलांबून रुग्ण येतात, पार कर्नाटकातून. ही पावलावर असून पंधरा दिवस गेली नव्हती. का, तर भिंतीचं काम चालू होतं. डोंबिवलीने रागावायला तोंड उघडलं आणि आपले गुडघे आठवून मिटलं, हे मला फोनवरसुद्धा कळलं.

बुधवारी आम्ही तिघी काही बोललो नाही, फक्त दर दोन तासांनी कुणीतरी 'काय झालं' टाकत होतं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुई घालून पाणी काढलं. शुक्रवारी रिपोर्ट आला. साधी, पाण्याची गाठ. संध्याकाळी, रविवार नसताना, कॉल लागला.

"पाण्याची निघाली," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं पाण्याचंच निघतं."

कुणीतरी हसलं, बहुतेक मीच. मग तिने रंगाऱ्याचं उरलेलं सांगितलं. बुधवारी ही घरात नाही असं बघून त्याने समोरच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट मारूनही टाकला होता. दिसायला छान दिसतोय, पण पैसे निम्मेच दिलेत, उरलेले फोड धरतो की नाही ते बघून.