उजनीचा थेंब आणि आवक क्रमांक

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, यंत्रमागांचा खडखडाट ऐकत भरणाऱ्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी बाष्पीभवनाचा पाठ झाल्यावर मी मुलांना ‘मी उजनीतला थेंब’ हे आत्मकथन लिहायला सांगितले. अट एकच होती, की थेंबाचे जे काही होईल त्याचे कारणही लगेच आले पाहिजे. वर्गातले काम दोन तासिकांत आटोपले. त्या लेखनाला आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्गात होणाऱ्या मूल्यमापनात, गुण देण्याची मान्यता मिळवायला मात्र अडीच महिने गेले, आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

गुण का हवे होते, ते सांगते. ‘बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होते’ हे वाक्य चाचणीत बिनचूक लिहिणाऱ्या कित्येक मुलांचा थेंब आत्मकथनात मात्र 100 अंशांना उकळून मगच ढगात पोहोचला होता. उजनी उकळताना कोणी पाहिली आहे का, असे विचारताच वर्ग हसला आणि मग एकदम गप्प झाला. दुसऱ्या खेपेला एका मुलाने थेंबाला गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीत बसवले. वेगवान रेणू आधी निसटतात म्हणून मागे राहिलेली चादर हाताला गार लागते, हे त्याने त्याच्या शब्दांत लिहिले होते. अशा लेखनाची नोंद कुठेच होऊ नये, हे मला पटेना.

मुख्याध्यापकांनी सावधगिरी म्हणून वरून मान्यता आणायला सांगितले. कार्यालयात पहिलाच प्रश्न आला, “हे मराठीचे आहे की विज्ञानाचे?” विज्ञानाचे म्हटल्यावर, आत्मकथन हा मराठीचा लेखनप्रकार आहे असे सांगून मला पलीकडच्या टेबलावर पाठवण्यात आले. तिथे थेंब विज्ञानाचा ठरला आणि मी परत पहिल्या टेबलावर आले. दुसऱ्या खेपेला नमुने मागितले, म्हणून मी पाच वह्या दिल्या. पंधरा दिवसांनी त्या लाल वर्तुळांनी भरून परत आल्या आणि वर शेरा होता, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ चादरीच्या त्या मुलाने वाफेऐवजी ‘आविरी’ असे लिहिले होते. त्याच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत वाफेला तेच म्हणतात. पाचही वह्यांत बाष्पीभवन खरोखर समजलेले ते एकच वाक्य होते आणि सर्वांत मोठे वर्तुळ त्याच्याभोवतीच होते.

तिसऱ्या खेपेला प्रस्तावच सापडेना. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच जपून ठेवावी, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आपण ते पहिल्याच दिवशी करावे. नव्याने अर्ज लिहीत बसले असताना एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी 2010 सालच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय माझ्यापुढे ठेवला. त्यात सातवीसाठी आकारिक 40 आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे, 60 असा भारांश आहे आणि आकारिकच्या साधनांत ‘उपक्रम, कृती’ हे नावानिशी दिलेले आहे. म्हणजे जी परवानगी मी मागत फिरत होते, ती आधीपासूनच आमच्या कपाटात होती!

चौथ्या खेपेला मी ‘आत्मकथन’ हा शब्दच अर्जातून काढला, ‘बाष्पीभवनावरील लेखन उपक्रम’ असे लिहिले आणि 10 गुणांचा तक्ता जोडला: वैज्ञानिक अचूकता 5, कार्यकारण 3, स्वतःचे निरीक्षण 2. दहा मिनिटांत सही झाली. शुद्धलेखनाला गुण का नाहीत, असे साहेबांनी विचारले खरे. पण ते मराठीच्या तासाला मिळतात असे मी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. टेबले बदलत फिरण्याचा तेवढा एक उपयोग झाला.

एक सांगायचे राहिले. पहिला मसुदा खोडू देऊ नये. दुसरा त्याच वहीत, समोरच्या पानावर लिहून घ्यावा, म्हणजे मुलाची समजूत कुठे बदलली ते त्यालाही दिसते. ‘आविरी’ मी तसाच राहू दिला आणि शेजारी फक्त ‘बाष्प’ लिहिले. यंदा ज्वारीच्या पानाचे आत्मकथन दिले आहे. पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक पान मुळांवाटे माती खाऊन वाढले आहे आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड अजून एकाच्याही तोंडी लागलेला नाही.