टाकी भरलेली, इंजिन उपाशी : बेळगाव ते कृष्णाकाठ

मेच्या शेवटच्या शनिवारी रात्री आतेभावाचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"दादा, बोटीचं इंजिन लई झ्याक मिळालंय बघ. महिना झाला, ऑईल एक थेंब खाल्लं नाही. टाकी भरलेली तशीच हाय."

माझा घास हातातच राहिला. "किती वेळ चालवलंय?"

"तीन-चारदा. दहा-पंधरा मिनिटं, हळूच."

"आता किल्लीला हात लावू नकोस. सकाळी निघून येतो."

त्याचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. तो ट्रॅक्टर चालवतो, मोटारसायकल चालवतो. त्या इंजिनांत तेल खालच्या चेंबरमध्ये असतं, तेच फिरत राहतं, आणि पातळी उतरली नाही म्हणजे इंजिन चांगलं. पण या बोटीचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात तेल पेट्रोलबरोबर आत जातं, बेअरिंगांना आणि पिस्टनला ओलावा देतं आणि जळून जातं. लूनात नाहीतर आरएक्स 100 मध्ये पंपावर टू-टी तेल टाकून घ्यायचो ते ज्यांना आठवतं त्यांना हे सांगायला नको. टू-स्ट्रोकमध्ये तेल कमी झालं नाही, तर ते इंजिनाला मिळतच नाही.

रविवारी सहाला उद्यमबागेतलं वर्कशॉप उघडलं. कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, होज क्लिपा आणि नायट्राईल ओ-रिंगांचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचा, डबा घेतला. आमचं काम हायड्रॉलिक सिलिंडरचं, त्यामुळे हा डबा म्हणजे माझा जीव की प्राण. बोटीच्या तेलाचे दोन कॅन एका गिऱ्हाइकासाठी मागवलेले पडून होते, तेही उचलले. वाटेत आत्यासाठी अर्धा किलो कुंदा घेतला. कुंदा न नेता आत्याच्या दारात उभं राहायची माझी टाप नाही.

काकती मागे पडली की हायवे कसा सरळ सुटतो. संकेश्वरला चहा घेतला. टपरीवाल्याचा पोरगा समोरच्या माणसाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत, एकाच वाक्याच्या ओघात बोलत होता. पुलावरून हिरण्यकेशी पाहिली. नदी कुठली, डबकी नुसती. संकेश्वरहून चिकोडीचा रस्ता धरला. वळीव दोनदा येऊन गेलेला, नांगरलेल्या रानातून ओल्या मातीचा वास येत होता. चिकोडी ओलांडून अंकलीच्या बाजूला उतरायला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि मग कृष्णा दिसेपर्यंत ऊसच.

या भागाचं पाण्याशी नातं बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथे पाऊस पडला नाही तरी पूर येतो. पाणी येतं घाटातून. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आधीच कोयना, वारणा, पंचगंगेचं पाणी घेऊन आलेली असते. जुलै उजाडला की इथली माणसं रोज हिशेब मांडतात : कृष्णेवरच्या महाराष्ट्रातल्या राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक सुटलं आणि दूधगंगेचं किती. दोन्हींची बेरीज म्हणजे कल्लोळला येणारं पाणी. मग पेपरात दरवर्षीची यादी येते : कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी. सगळे बंधारे आणि त्यांच्यावरून जाणारे रस्ते पाण्याखाली, आणि दहा मिनिटांच्या वाटेला तास-दीड तासाचा वळसा.

2019 च्या ऑगस्टात तर वळसासुद्धा उरला नव्हता. आत्याच्या अंगणात कमरेएवढं पाणी होतं. गुळाची काईल तरंगवून पोरांनी म्हाताऱ्या माणसांना शाळेपर्यंत नेलं. म्हशी दावी कापून सोडल्या, त्यातली एक परत आली नाही. बोट येईपर्यंत दीड दिवस गेला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून गावातल्या तरुणांनी वर्गणी जमवायला घेतली, आणि या एप्रिलमध्ये किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची बोट आणली. आधी पर्यटकांना फिरवायची बोट होती, म्हणून इंजिन मोठं, सहा सिलिंडरचं. गावाला एवढ्या ताकदीची गरज नाही आणि पेट्रोलही ते भरपूर पितं, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण पुराच्या धारेत आडवं जायचं तर मागे बळ हवं, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

गाव यडूरच्या अलीकडे. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, अजून काढल्या नव्हत्या, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून शांत होतं. बोट काठाला बांधलेली. आत्या म्हणाली, "आलास व्हय? आधी दोन घास खा, मग तुझं यंत्र." भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा. ते खाऊन काठावर गेलो.

सगळ्यात आधी किल्ली एक घर फिरवली, इंजिन सुरू न करता. या जातीच्या इंजिनात किल्ली फिरवली की क्षणभर बझर वाजतो, आपण जागे आहोत हे सांगायला. वाजला नाही. डॅशबोर्डखाली हात घातला तर बझरची वायर कापलेली आणि दोन्ही टोकांना काळी टेप. टेप जुनी, चिकट झालेली, धुळीने राखाडी पडलेली. म्हणजे हे काम गावातल्या पोरांचं नव्हतं. बोट विकायच्या आधीच कुणीतरी केलं होतं. मी बराच वेळ ती वायर हातात धरून बसलो. या इंजिनात तुटक बीप म्हणजे तेल कमी, सलग आवाज म्हणजे इंजिन तापलंय. आवाज नको म्हणून ज्याने वायर कापली, त्याने पुढे या बोटीत बसणाऱ्या प्रत्येक माणसाला बहिरं करून ठेवलं. मला याचा मनापासून राग आला आणि अजूनही आहे.

इंजिनाची टोपी काढली. आत छोटी तेलटाकी असते, तिच्यात तळाला बोटभर तेल उरलेलं. बोटीच्या मागच्या कप्प्यातली अकरा लिटरची मोठी टाकी मात्र गळ्यापर्यंत भरलेली. हीच ती "एक थेंब न खाल्लेली" टाकी.

यातली गंमत आतेभावाला समजावून सांगितली, कारण पुरात त्याच्यासोबत मी नसणार. मोठ्या टाकीतून छोट्या टाकीकडे तेल नेणारी मोटर या इंजिनात नाही. पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या बंद पेटीत, जो हवेचा दाब तयार होतो, त्यातला थोडा एका नळीने मोठ्या टाकीत सोडलेला असतो. नळीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व. तो दाब तेलाला वरून ढकलतो आणि दुसऱ्या नळीतून तेल छोट्या टाकीत चढतं. तिथून पुढे पंप, तो क्रँकवरच्या गिअरवर फिरतो आणि थ्रॉटलला जोडलेला असतो. फुल थ्रॉटलला पन्नासास एक (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल), आयडलिंगला शंभरास एकच्या आसपास तेल तो देतो. छोट्या टाकीत जेमतेम अर्धा तास पूर्ण वेगाने जाता येईल एवढीच शिल्लक असते. यांनी हळू आणि थोडं चालवलं म्हणून इंजिन वाचलं होतं. सहाही प्लग काढून कॉम्प्रेशन पाहिलं : सगळ्यात कमी 110 पीएसआय, सगळ्यात जास्त 118, म्हणजे सहाही सिलिंडर जवळजवळ सारखे. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता तेल चढत का नाही? मोठ्या टाकीचं झाकण सैल केलं. दाब असता तर फुस्स आवाज आला असता. काहीच नाही.

मला व्हॉल्वचा संशय होता. जुना व्हॉल्व चिकटतो आणि दाब पुढे जात नाही. पण आधी इंजिन चालू करायला हवं होतं, आणि उपाशी इंजिन चालू करणं मला मान्य नव्हतं. म्हणून 25 लिटर पेट्रोलमध्ये अर्धा लिटर तेल मिसळलं, म्हणजे पन्नासास एक. पंपाने काही दिलं नाही तरी पेट्रोलमधून तेल पोचेल. छोट्या टाकीतही हाताने थोडं तेल घातलं. धूर जास्त होईल, त्याला घाबरायचं नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवलं. इंजिन पाण्यात उतरवून आयडलिंगला चालू केलं, दाबाची नळी मोठ्या टाकीपासून काढली आणि तोंडावर अंगठा ठेवला. टुक-टुक-टुक, अंगठ्याला स्पष्ट ठोके लागले. व्हॉल्व ठीक, नळी ठीक. माझा संशय चुकीचा निघाला.

मग दाब टाकीतूनच पळत होता. नळी परत लावली, वाटीत साबणाचा फेस केला आणि झाकणाभोवती बोटाने लावला. काठावर बसलेले नावाडी तात्या उठून जवळ आले. झाकणाच्या एका बाजूला, फार तर तीन बोटांच्या रुंदीत, बारीक बुडबुडे उठायला लागले. एक फुटला की त्याच जागी दुसरा. तात्या म्हणाले, "पंक्चर हाय की!" तेच होतं.

झाकणातली ओ-रिंग सुईने उचलून काढली. नवी रिंग कापली तर तोंड गोल दिसतं. ही दोन्ही बाजूंनी दबून पट्टीसारखी झालेली, आणि नखाने दाबली तर खड्डा तसाच राहत होता. डब्यातून त्याच मापाची नायट्राईल रिंग काढली, तेलाचं बोट फिरवून बसवली. सायकलच्या दुकानातलं साधं रबर इथे चालत नाही, तेलात ते फुगतं आणि दोन महिन्यांत लिबलिबीत होतं. पुन्हा फेस लावला. एकही बुडबुडा नाही.

पण काम संपलं नव्हतं. दाब धरला तरी तेल अगदी सावकाश चढत होतं. झाकणाखालची लांब नळी बाहेर ओढली तर टोकाच्या जाळीवर तपकिरी, जेलीसारखा थर. टाकीत आधीचं कुठलं तेल होतं कोण जाणे, वर यांनी गावातल्या दुकानातलं स्कूटरचं टू-टी ओतलेलं. बोटीचं इंजिन नदीच्या पाण्याने थंड होतं, त्यात टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं तेलच लागतं. हवेने थंड होणाऱ्या स्कूटरच्या तेलाने आत राखेचे थर धरतात. सगळं तेल एका कॅनमध्ये उपसून काढलं, टाकी पुसून घेतली, जाळी पेट्रोलमध्ये जुन्या टूथब्रशने घासली आणि नवं तेल भरलं.

शेवटचं काम हवा काढायचं. इंजिन बंद ठेवून पंपावरचा बारीक स्क्रू सैल केला, बुडबुडे थांबून सलग तेल येईपर्यंत थांबलो आणि घट्ट केला. मग इंजिन चालू करून छोट्या टाकीचं झाकण थोडं सैल सोडलं. दहा मिनिटं गेली. पंधरा. आतेभाऊ टक लावून बघत होता. तेल हळूहळू वर आलं, काठाशी चमकलं आणि झाकणाखालून एक ओघळ बाहेर आला. लगेच झाकण घट्ट केलं. एवढा वेळ गप्प असलेला तो एकदम ओरडला, "आलं की रे!"

बझरची वायर मी सगळ्यात शेवटी जोडली, सोल्डर करून. किल्ली फिरवली आणि तो छोटा बीप नदीवर ऐकू गेला. काठावर कपडे धुणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या.

संध्याकाळी बंधाऱ्याच्या वर तासभर फिरलो. पंप देतोय याची पक्की खूण होईपर्यंत मिसळलेलं पेट्रोलच ठेवायचं ठरवलं होतं. निघताना मोठ्या टाकीवर रंगाच्या पेनाने रेघ मारली. पाणी तांबूस झालेलं, दोन्ही काठांना ऊस, लांबवर यडूरच्या वीरभद्र मंदिराकडे जाणारे लोक. परत आल्यावर इंजिन बंद केलं आणि झाकण सैल केलं. फुस्स. तेल रेघेच्या स्पष्ट खाली होतं.

निघताना दोन जादा ओ-रिंगा औषधाच्या बाटलीत घालून टाकीच्या कप्प्यात ठेवल्या. आतेभावाने शाळेची एक वही आणली आणि रकाने आखले : तारीख, किती वेळ चाललं, रेघेपासून किती उतरलं. बोट चालवणाऱ्यांत दोघं कन्नड बोलणारे आहेत, म्हणून तेच रकाने खाली कन्नडमध्येही लिहिले. आत्याने कुंद्याच्या रिकाम्या डब्यात माझ्यासाठी ठेचा भरून दिला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. अंकलीच्या बाजूला पहिला जोराचा पाऊस झाला होता. ख्याली-खुशाली विचारायच्या आधीच म्हणाला, "दादा, साध्या पेट्रोलवर दीड तास चालवलो. दोन बोटं उतरलंय बघ!"